पहिला पगार ही गुणपत्रिका नव्हे

२०१६च्या एप्रिलमध्ये ‘असोचॅम’ या उद्योजकांच्या संघटनेनं एक आकडा जाहीर केला आणि तो आजतागायत चलनात आहे. आयआयएम आणि मोजक्या नामवंत संस्था सोडल्या, तर देशात एमबीए होऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी जेमतेम ७ टक्के मुलं नोकरीच्या लायकीची असतात, असा तो आकडा. त्याच्या जोडीला पगाराचा दाखला होता. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तीन ते पाच लाख रुपये मोजून ही मुलं महिना आठ-दहा हजारांवर कामाला लागतात, असं संघटनेचं म्हणणं होतं.

तेव्हापासून दरवर्षी प्लेसमेंटचा हंगाम आला की हा युक्तिवाद नव्यानं ऐकू येतो. कंपन्यांचे एचआर प्रमुख परिसंवादात तो मांडतात, संस्थाचालक पालकांसमोर मान हलवत त्याला दुजोरा देतात आणि लग्नकार्यात भेटलेले काका-मामा तो पोराच्या तोंडावर फेकतात. रकमा बदलल्या आहेत. आठ-दहा हजारांच्या जागी आता वीस-पंचवीस हजार म्हणतात, पण निष्कर्ष तोच असतो: पगार कमी मिळाला, म्हणजे पोरातच काही दम नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ही चूक निरागस नाही. सुरुवातीचा पगार मुलाची लायकी सांगतो, हे गृहीतकच तपासायला हवं. ते एकदा मान्य केलं की सगळा हिशेब मुलाच्या नावावर टाकता येतो, आणि ज्यांनी फी घेतली व ज्यांनी कामावर ठेवलं ते दोघेही नामानिराळे राहतात.

आधी युक्तिवादाची घडण पाहा. मुलगा नालायक कशावरून? त्याला दहा हजार पगार मिळाला त्यावरून. त्याला दहा हजारच का मिळाले? तो नालायक म्हणून. एकच गोष्ट इथे पुरावाही आहे आणि निष्कर्षही. त्यातून एक साधा प्रश्न निसटतो: कंपनी काही धर्मादाय संस्था नाही, मग नालायक माणसाला ती दहा हजार तरी का देते? घेतलं आहे, त्या अर्थी त्याच्याकडून काहीतरी काम होतं आहे आणि त्या कामातून कंपनीला दहा हजारांहून जास्त मिळतं आहे.

ते काम कोणतं, हे बघितलं की कोडं सुटतं. नव्यानं एमबीए झालेली असंख्य मुलं बँकांच्या, विमा कंपन्यांच्या, वित्तसंस्थांच्या विक्रीत जातात. हुद्दा ‘रिलेशनशिप मॅनेजर’. सकाळी टार्गेट, संध्याकाळी कॉलचा हिशेब. मधल्या वेळात चालू आणि बचत खाती उघडायची, खातेदाराला विमा पॉलिसी किंवा क्रेडिट कार्ड घ्यायला लावायचं, महिनाअखेर आकडा भरला नाही तर शाखाधिकाऱ्याचं बोलणं खायचं. कार्डावर मॅनेजर लिहिलेलं असतं, पण त्याच्या हाताखाली कुणी नसतं आणि कसलाही निर्णय त्याच्या हातात नसतो. हे काम चुणचुणीत बी.कॉम. झालेला मुलगा करू शकतो, आणि कंपनी त्या कामाचा पगार बी.कॉम.चाच देते. मग जाहिरातीत एमबीए का मागितलं जातं? कारण एमबीए ढिगानं उपलब्ध आहेत, आणि हजार अर्जांतले आठशे बाजूला काढायला ती अट सोयीची पडते. म्हणजे कमी पगार त्या पदाची पायरी सांगतो. आयआयएमचा सुवर्णपदक विजेता त्या खुर्चीत बसवला, तरी त्या खुर्चीची पगारचिठ्ठी बदलणार नाही.

पद सोडलं तर पगार ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे वर्ष. तुम्ही कोणत्या साली पास झालात, यावर तुमचा काडीचाही ताबा नसतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०२२ साली बाहेर पडलेल्या आणि नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी १० टक्के तीन महिन्यांनंतरही नोकरीविना होते. २०२३मध्ये ते प्रमाण २० टक्के झालं, २०२४मध्ये २३ टक्के. दोन वर्षांत हार्वर्डची मुलं दुपटीनं बिनकामाची झाली, असं कुणी म्हणालं का? नाही. तंत्रज्ञान कंपन्यांनी आणि सल्लागार कंपन्यांनी भरती आखडती घेतली, असंच सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरंही होतं. हीच मंदी सांगलीच्या किंवा नांदेडच्या मुलाच्या वाट्याला आली की मात्र आपण तिचं नाव बदलतो आणि तिला ‘कौशल्याचा अभाव’ म्हणतो. मंदी हार्वर्डमध्ये बाजाराची असते, नांदेडमध्ये मुलाची होते.

वर्षाचा हा परिणाम पहिल्या पगारापुरता राहत नाही. पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञानं स्टॅनफर्डमधून एमबीए झालेल्यांच्या कारकिर्दी तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेअर बाजार तेजीत असताना पदवी घेणारे मोठ्या संख्येनं वॉल स्ट्रीटवर जातात, मंदीत पदवी घेणारे दुसरीकडे वळतात, आणि ही पहिली वाट पुढची अनेक वर्षं, कमाईसकट, सुटत नाही, असं त्यात दिसून आलं. एकच संस्था, तीच प्रवेशाची अट, तेच वर्ग; फरक फक्त पदवीच्या वर्षाचा. २००८च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि २००९च्या वसंतात आपल्या आयआयएममधल्या मुलांनाही आदल्या वर्षीपेक्षा कमी पगार घ्यावे लागले. त्या तुकडीची बुद्धी काही सप्टेंबरमध्ये आटली नव्हती.

तिसरी गोष्ट प्रवेशाच्या चाळणीची. आपण समजतो की चांगली संस्था दोन वर्षांत मुलाला घडवते आणि म्हणून त्याला मोठा पगार मिळतो. त्यात तथ्य आहे, पण वाटतं तेवढं नाही. मुंबईत चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था आहे. १९६५ साली स्थापन झालेला हा मुंबई विद्यापीठाचा विभाग. फी बड्या खासगी संस्थांपेक्षा बरीच कमी, आवार बेताचं. तरीही नामांकित कंपन्या तिथे रांग लावतात आणि पगार देशातल्या वरच्या संस्थांच्या पंगतीत बसणारे असतात. कारण राज्याच्या सीईटीत अगदी टोकाचं पर्सेंटाइल मिळवल्याशिवाय तिथे खुल्या गटातून पाऊल ठेवता येत नाही. कंपनीला निवडीचं काम आयतं झालेलं मिळतं. आयआयएमचंही बरंचसं तसंच आहे. कॅटला दरवर्षी तीन लाखांच्या आसपास मुलं बसतात, त्यातली मूठभर वरच्या संस्थांत पोचतात, आणि त्यांच्यातही आधीच अभियंता होऊन दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्यांचा भरणा मोठा असतो. त्यांच्या पगारातला काही वाटा आधीच्या पदवीचा आहे, काही अनुभवाचा, काही घरच्या इंग्रजीचा आणि बोलण्यातल्या सराईतपणाचा. हे सगळं ‘संस्थेनं दिलेलं मूल्य’ म्हणून माहितीपत्रकात छापलं जातं. म्हणजे वरच्या टोकाला पगार संस्थेचं कर्तृत्व ठरतो आणि खालच्या टोकाला मुलाचा दोष. एकाच मापाचे असे दोन अर्थ लावणाऱ्यांनी निदान एक तरी अर्थ सोडायला हवा.

आता त्या मापाकडेच वळू. कारण मुलाला ज्या आकड्याशी ताडून कमी ठरवलं जातं, तो आकडाच फुगवलेला असतो.

समजा, एका मुलीला सहा लाखांचं ‘पॅकेज’ मिळालं. घरात पेढे वाटले गेले आणि सगळ्यांनी मनातल्या मनात भागाकार केला: महिना पन्नास हजार. प्रत्यक्षात सहा लाख हा सीटीसी असतो, म्हणजे ती कंपनीला वर्षाला जेवढ्याला पडते ती रक्कम. मूळ पगार निम्मा, तीन लाख धरू. त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के वाटा, ३६ हजार, याच सहा लाखांतून जातो. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे १४,४०० रुपये याच रकमेत धरलेले असतात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि या क्षेत्रात दोन-अडीच वर्षांत नोकरी बदलण्याची रीत आहे. म्हणजे बहुतेकांच्या हाती कधीच न येणारे पैसे पॅकेजमध्ये मोजलेले असतात. १५ टक्के, म्हणजे ९० हजार, ‘व्हेरिएबल’: टार्गेट गाठलं आणि कंपनीचं वर्ष बरं गेलं तर मिळतील. समूह विम्याचा हप्ता दहा हजार धरा. उरले साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे महिना साडेसदतीस हजार. त्यातून तिच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी तीन हजार आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर दोनशे रुपये वजा केले, की हातात ३४ हजारांच्या थोडं वर.

तिनं आठ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं असेल, तर १० टक्के व्याजानं दहा वर्षांचा हप्ता साडेदहा हजारांच्या पुढे जातो. शिकत असताना साठलेलं व्याज वेगळं. उरलेल्या तेवीस-चोवीस हजारांत तिनं पुण्यात किंवा ठाण्यात राहायचं, जेवायचं, ऑफिसला जायचं, कपडे घ्यायचे आणि घरी काहीतरी पाठवायचं. तिच्या वडिलांच्या डोक्यात मात्र पन्नास हजारच असतात. ‘एवढा पगार आहे तर जातो कुठे?’ हा प्रश्न तिला दर महिन्याला ऐकावा लागतो आणि त्याचं खरं उत्तर नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात असतं.

ही झाली एकीची गोष्ट. संस्था संपूर्ण तुकडीचा आकडा देते तेव्हा आणखी करामती होतात. साठ मुलांच्या वर्गात एकोणसाठ जणांना चार-चार लाख मिळाले आणि एकाला, कदाचित आधीच्या अनुभवाच्या जोरावर, चाळीस लाख मिळाले, तर सरासरी ४ लाख ६० हजार होते. फलकावर मात्र ‘सर्वोच्च पॅकेज ४० लाख’ झळकतं. मध्यक दिला, म्हणजे सगळे पगार ओळीनं मांडून मधला सांगितला, तर तो चार लाखच येईल. म्हणूनच तो फलकावर येत नाही. शिवाय ‘१०० टक्के प्लेसमेंट’चा छेद कोणता, हे कुणी विचारत नाही. बहुतेकदा तो प्रवेश घेतलेल्यांचा नसतो, ‘पात्र आणि इच्छुक’ मुलांचा असतो. कमी हजेरीची, बॅकलॉग असलेली, कंटाळून स्वतःच नोकरी शोधायला निघालेली मुलं आधीच यादीतून गळालेली असतात. पार्टीला न आलेल्यांना वगळून सगळे पाहुणे जेवले म्हणायचं, असा हा हिशेब आहे.

असा फुगवलेला आकडा लागतो कुणाला? त्याचं उत्तर फीमध्ये आहे. २००४च्या फेब्रुवारीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री मुरली मनोहर जोशी यांनी आयआयएमची वार्षिक फी दीड लाखावरून तीस हजारांवर आणण्याचा आदेश काढला. मोठा गदारोळ झाला. स्वायत्ततेवर घाला हा एक आक्षेप होता आणि तो रास्त होता. पण त्याच्या बरोबरीनं आणखी एक मुद्दा हिरिरीनं मांडला गेला: या मुलांना बाहेर पडताच एवढा पगार मिळतो, मग त्यांनी फी का देऊ नये? सरकार बदललं, आदेश बारगळला आणि पगारावरून फी ठरवण्याचं तत्त्व मागे उरलं. तेव्हा दोन वर्षांची फी तीन लाख होती, आज अहमदाबादला ती पंचवीस लाखांच्या आसपास आहे. महागाई वजा केली तरी ही वाढ डोळ्यांत भरते. अहमदाबादच्या मुलाला निदान तसा पगार मिळतो. अडचण खालच्या पायऱ्यांवर आहे. तिथल्या संस्थांनी ‘गुंतवणूक आणि परतावा’ ही भाषा जशीच्या तशी उचलली, परतावा मात्र आणला नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं. त्यातून हजारो मुलं शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वाटेनं जागा अशा वाढत गेल्या की त्यांचा उद्योगांच्या गरजेशी संबंध राहिला नाही. इमारत उभी आहे, मान्यता मिळते आहे, तुकडी काढा, एवढाच हिशेब उरला. व्यवस्थापनाच्या जागा भरल्या गेल्या त्या मागणीच्या अंदाजावर नाही, पालकांच्या आशेवर. पुरवठा असा वाढला की पगार पडतो, हे याच मुलांना पहिल्या सत्रात अर्थशास्त्राच्या तासाला शिकवतात. मग ७ टक्के लायक म्हणणाऱ्यांना विचारायला हवं: उरलेल्या ९३ टक्क्यांना प्रवेश कुणी दिला, दोन वर्षं त्यांची फी कुणी घेतली, आणि त्यांच्या हाती पदवी कुणी ठेवली? माल खराब निघाला की कारखान्याला विचारतात. इथे मालालाच जाब विचारला जातो.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत.

पहिला: शिकवणं खरोखरच निकृष्ट आहे. मुलांना ताळेबंद वाचता येत नाही, एक्सेलमध्ये साधा हिशेब मांडता येत नाही, चार ओळींचा ईमेल लिहिता येत नाही. अनेक ठिकाणी हे खरं आहे. पूर्णवेळ प्राध्यापक कमी, तासिका तत्त्वावर भागवाभागव, प्रकल्प अहवाल झेरॉक्सच्या दुकानातून आलेले. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. शिकवणं वाईट असेल तर नापास कोण झालं? शिवाय कंपन्यांनीही आपला वाटा उचलायचा होता. नव्या माणसाला सहा महिने-वर्षभर वेगवेगळ्या विभागांत फिरवून तयार करायची मॅनेजमेंट ट्रेनीची पद्धत मोठ्या उद्योगसमूहांत होती आणि काहींत अजून आहे. बाकीच्यांना पहिल्या सोमवारपासून टार्गेट गाठून देणारा तयार गडी हवा असतो, आणि तो मिळाला नाही की देशाच्या शिक्षणाची चिंता वाटू लागते.

दुसरा: मुलांच्या अपेक्षाच अवाजवी आहेत. असतीलही. पण त्या अपेक्षा कुणी पेरल्या? पुण्यात प्रवेशाच्या दिवसांत चौकाचौकांत लागणारे फलक कुणाचे असतात? कोटीच्या पॅकेजच्या बातम्या पहिल्या पानावर कोण पाठवतं? दोन वर्षं स्वप्न विकायचं आणि गिऱ्हाइकानं ते खरं मानलं म्हणून त्यालाच बोल लावायचा, हा उफराटा न्याय झाला.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य भाषेत येतो: बाजार ठरवेल, वाईट संस्था आपोआप बंद पडतील. काही पडल्याही. पण बाजाराला निवाडा करायचा तर दोन्ही बाजूंना खरी माहिती लागते. इथे विकणाराच माप तयार करतो, मोजतो आणि निकाल छापतो. बरं, हिशेब नीट मांडता येत नाही असंही नाही. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकारानं ‘इंडियन प्लेसमेंट रिपोर्टिंग स्टँडर्ड्स’ नावाची पद्धत तयार झाली. दरवर्षी मिळणारी ठरलेली रोख रक्कम वेगळी, एकदाच मिळणारी वेगळी, कामगिरीवर अवलंबून असलेली वेगळी, प्रत्येकीचा किमान, मध्यक, सरासरी आणि कमाल आकडा, वर लेखापरीक्षण. पण ही पद्धत ऐच्छिक आहे, म्हणजे जिला लपवण्यासारखं कमी तीच संस्था ती पाळते. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘अ‍ॅस्की’ या परिषदेच्या नियमांत, नोकरी लागलेल्यांची संख्या सांगताना त्या तुकडीतल्या एकूण विद्यार्थ्यांची संख्याही सांगावी, अशी तरतूद आहे. परिषद मात्र उद्योगानं स्वतःसाठी उभारलेली, तिच्या हाती दंडुका नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती कोचिंग क्लासेससाठी. दहा-पंधरा लाख घेणाऱ्या महाविद्यालयाच्या फलकाला तेवढाही जाच नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. राज्याच्या सीईटी कक्षानं पसंतीक्रम भरून घेण्यापूर्वी प्रत्येक संस्थेचे चार आकडे जाहीर करावेत: किती मुलांनी प्रवेश घेतला, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, ठरलेल्या रोख पगाराचा मध्यक किती, आणि वर्षभरानंतर किती जण त्या नोकरीत टिकले. पहिले तीन मिळवणं अवघड नाही. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था नोकरी लागलेल्यांची संख्या आणि त्यांच्या पगाराचा मध्यक सरकारला कळवतच आहेत. पालकांनी संस्थेच्या संकेतस्थळावर तो तक्ता शोधावा आणि चौकातल्या फलकाशी ताडून पाहावा. बरंच काही कळेल. हे आकडे सनदी लेखापालाकडून तपासून घेण्याची अट मान्यतेच्या नूतनीकरणाला जोडावी. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण फी मंजूर करताना संस्थेचा खर्च तपासतं, तेव्हा त्याच टेबलावर हे आकडेही असावेत. कंपन्यांनीही नेमणूकपत्राच्या पहिल्याच पानावर महिन्याला हातात येणारी रक्कम लिहावी आणि सीटीसीचा तक्ता मागे ढकलावा.

एवढं झालं की मुलांना लायकीवरून बोलण्याचं काम आपोआप अवघड होईल, कारण कोणत्या संस्थेनं काय दिलं आणि कोणत्या कंपनीनं कोणत्या कामाला काय मोजलं, हे सगळ्यांसमोर असेल. हे आकडे छापायची ज्या संस्थेला लाज वाटते, तिनं फी घेतानाही ती बाळगावी.